जीपला पायदान

गाडी माझ्यासाठी उंच केली आणि मलाच तीत चढता येईना.

सणसरला आमच्या घरापुढं जीप उभी होती. मुलगा ती बारामतीहून नीट करून, त्याच्या भाषेत 'तयार' करून, घेऊन आला होता. चाकं माझ्या कमरेला लागत होती. दार उघडलं तर आतली फळी माझ्या छातीसमोर. मी एक पाय उचलून बघितला. गुडघा अर्ध्यातच अडला.

"थांब आये, मी उचलतो," मुलगा म्हणाला.

"मी काय खताची गोणी हाय? हात लावलास तर बघ."

सून ओट्यावर उभी राहून पदरात तोंड लपवून हसत होती. माझी सून म्हणजे माझ्या धाकट्या भावाचीच मुलगी. ती मला आत्या म्हणते आणि तिला माझी भीती वाटत नाही, कारण लहानपणी तिनं मला तिच्या बापाशी भांडताना पुष्कळदा पाहिलंय.

"आत्या, शिडी आणू का?" ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याच्या डोक्याला लाव शिडी, वर काही हाय का बघ."

ही जीप मुलानं बावड्याच्या एका बागायतदाराकडून घेतली होती. जुनीच, पण चारही चाकांना जोर असलेली. पेरूचे क्रेट बागेतल्या चिखलातून बाहेर काढायला हवी, असं त्यानं मला सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. शाळेत असल्यापासून तो पाटीवर जीप काढायचा. मी हरकत घेतली नाही. एकच अट घातली. दिवाळी झाली की मला माळावर न्यायचं.

माळ म्हणजे लोणी भापकरच्या पुढचं रान. पावसाळाभर माझ्या भावाची मेंढरं तिथं असतात. दिवाळी झाली की वाडा हलतो. आमच्यात वाडा म्हणजे भिंतींचं घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं असं सगळं मिळून जे चालतं तो वाडा. तो घाट उतरून कोकणात जातो आणि उन्हाळा सरताना परत येतो. मीही लहानपणी तशीच हिंडले. म्हणून शाळा चौथीपर्यंतच, आणि तीही फक्त वाडा घरी असेल तेवढीच.

वाडा निघताना पहिल्या घोड्यावर ओझं चढतं. त्या ओझ्याची पहिली गाठ घरातल्या थोरल्या बाईनं मारायची ही आमच्या घरची रीत. आई होती तोवर आईनं मारली, नंतर मी. लग्न होऊन बागायतीत आले तरी त्या दिवशी माळावर जायचेच. यात देवाधर्माचं फार काही नाही. तो माझा मान आहे आणि मला तो सोडायचा नव्हता. पण गाडीरस्ता संपल्यावर पुढं ओढा आणि खडक. तिथून चालावं लागतं. गुडघे गेल्यापासून दोन-तीन वर्षं मी गेले नव्हते. भाऊ स्वतःच गाठ मारायचा आणि घाटात ओझं घसरलं की फोन करून मला ऐकवायचा, जशी काही माझीच चूक. यंदा जायचंच असं मी ठरवलं होतं. जीपनं जमलं तर ठीक, नाहीतर माझी गाठ संपली, हे मला कळत होतं.

आणि आता ती जीप दारात उभी, आणि मी खाली.

मुलगा एकेक वस्तू दाखवू लागला. गाडी वर उचलायचं सामान बसवलं होतं. टायर मोठे. टपावर दिव्यांची पट्टी, एवढी की आमच्या गल्लीतलं लग्न उजळावं. आणि अजून बरंच राहिलं होतं. पुढच्या बंपरला विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारी मोटर. टपावर कॅरिअर. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून बाजूनं वर जाणारी एक नळी. ती मी मोबाईलवर बघितली. हत्तीनं सोंड वर केल्यासारखी दिसते. मोबाईलवर कुठल्याशा परदेशातली माणसं असल्या गाड्या मुद्दाम चिखलात घालतात, रुतवतात, काढतात आणि टाळ्या वाजवतात. आपल्याकडं चिखलात रुतलं तर माणूस शिव्या देतो.

"हे सगळं लागतंच?" मी विचारलं.

"ऑफरोडला लागतं, आये."

"मिस्त्रीकडं चल," मी म्हणाले. "म्या बी येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बारामतीला गेलो. मी एसटीनं. माझी जीप माझ्या मागून आली.

मिस्त्रीचं गॅरेज गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. मिस्त्री गुबगुबीत, हसरा, पण गिऱ्हाईक म्हणेल ते बसवून देणारा. मला बघून त्यानं एक क्रेट पालथा घातला, त्यावर पोतं टाकलं आणि चहा सांगितला. "बसा आजी. आपली गाडी म्हंजे रणगाडा केलाय."

"रणगाड्यात म्या चढू कशी, ते सांगा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, जीपकडं बघितलं, आणि डोकं खाजवलं. "ते काय कोण बोललं न्हाय बगा मला."

मी त्यांना माझ्या आईची पद्धत सांगितली. घोडं लादायच्या आधी आई सगळं सामान घोंगडीवर मांडायची. एकेक वस्तू हातात घेऊन विचारायची, हे नसलं तर कुठं अडंल? जागा सांगायला लागायची. अमका घाट, तमकी नदी, नावानिशी. जो नुसतं 'लागंल कुठंतरी' म्हणेल त्याची वस्तू घरी राहायची. माझी लाकडी बाहुली अशीच राहिली. मी रडले. घोडं चाललं.

"आपल्याला जायचंय माळावर," मी म्हणाले. "आता एकेक सांगा. कुठं अडंल?"

मुलानं दिव्यांपासून सुरुवात केली. "रात्री उजेड लागतो."

"रात्री माळावर काय काम हाय तुझं? मेंढरं झोपत्यात. तू बी झोप."

सोंडेचं विचारलं तर म्हणाला, ओढ्यात पाणी असतं. किती असतं, मी विचारलं. त्यानं आपल्या पायाकडं बघितलं. त्याला माहीत होतं, घोट्याएवढं.

"घोट्याएवढ्या पाण्याला हत्तीची सोंड," मिस्त्री म्हणाला आणि लगेच चहा पिऊ लागला, कारण ती सोंड त्यानंच सुचवलेली होती.

मग विंच. मुलाचा जीव त्यात होता. तो म्हणाला, "रुतलो की विंचचा दोर म्होरं कशाला तरी बांधायचा आन् बटन दाबायचं. गाडी आपली आपण बाहेर."

"कशाला बांधायचा?"

"झाडाला."

"माळावरलं झाड दाव मला."

आमचा माळ म्हणजे गवत, कुसळं आणि दगड. मला स्वतःचं बोलणं फार आवडलं. ते पुढं मला महागात पडलं, पण त्या दिवशी मी खूश होते. विंचऐवजी पुढं-मागं एकेक दणकट हूक आणि एक जाड दोर, असं ठरलं.

मिस्त्रीलाही आता खेळ कळला होता. तो म्हणाला, "आजी, माझं एक ऐका. गाडीच्या पोटाखाली लोखंडी पत्रा पायजे. ओढा चढला की खडक हाय म्हणताय न्हवं? तितं इंजिनचा चेंबर घासला, फुटला, तर सगळं तेल खाली. तितंच अडंल." त्यानं जागा सांगितली, म्हणून पत्रा मंजूर झाला. मोठ्या टायरांचं त्यानं स्वतःच कबूल केलं की वळताना ते मडगार्डला घासतात. ते काढून नेहमीच्या मापाचे, पण खोल नक्षीचे टायर घालायचे ठरलं. गाडी सगळी खाली उतरवायला मात्र तो तयार होईना. खडकासाठी थोडी उंची हवीच, म्हणाला. मग माझ्यासाठी काय? पायदान. माझ्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, पाय मावेल एवढं रुंद, घसरू नये म्हणून खरबरीत. आणि आत धरायला एक कडी. मी जीपशेजारी उभी राहिले, पाय उचलला, आणि जिथवर गुडघा तक्रार न करता गेला तिथं मिस्त्रीनं खडूनं रेघ मारली.

"शिवणाऱ्यानं माप घेतल्यागत झालं," मी म्हणाले.

"गाडीच शिवतोय की तुमच्या मापाची," तो म्हणाला.

सून एव्हाना जीपमध्ये चालकाच्या जागी जाऊन बसली होती. आमच्या घरात ट्रॅक्टर तीच चालवते, आणि मुलापेक्षा बरा चालवते. हे मुलालाही माहीत आहे, तो फक्त म्हणत नाही. तिनं आतूनच हाक मारली.

"आत्या, माझं बी एक हाय. ही शीट म्होरं सरकतच न्हाय. गंजलीया. माझा पाय क्लचला पुरत न्हाय."

"तू कुठं चालवणार हाईस?" मुलगा म्हणाला.

"कुठं अडंल ते सांगू? घरापास्नंच अडंल."

मिस्त्री एवढा हसला की त्याचा चहा सांडला. शीट मोकळी झाली. दिव्यांची पट्टी मात्र मुलानं काढू दिली नाही. माणसाला सगळंच नाही म्हणू नये.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. मी पायदानावर पाय ठेवला, कडी धरली आणि वर गेले. कुणाचा हात लागला नाही. पुढच्या शीटवर बसून मी गल्लीतल्या सगळ्यांकडं बघून घेतलं. समोरची म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "कुठं चाललीस गं?" मी म्हणाले, "ऑफरोड." तिला काही कळलं नाही. मलाही त्याहून जास्त कळत नव्हतं.

मागं सून, पुरणपोळ्यांचा डबा, पेरूचे दोन क्रेट आणि भावासाठी नवीन घोंगडी. बारामती मागं पडली, लोणी भापकर आलं, डांबर संपलं. मुलगा चालवत होता आणि खूप शहाण्यासारखं चालवत होता. मग ओढा आला.

पाणी घोट्याएवढंच होतं. पण परतीचा पाऊस नुकताच ओसरला होता आणि पाण्याखाली गाळ बसला होता. मुलानं वेग घेतला. मी "सावकाश" म्हणेपर्यंत गाडी मधोमध बसली. त्यानं जोर दिला, तशी चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली.

इंजिन बंद झालं. सगळीकडं शांत. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, अगदी समोर, हाताच्या अंतरावर म्हणावी अशी एक बाभूळ उभी होती. चांगली जुनी, जाड बुंध्याची.

मुलानं बाभळीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मागच्या खेपंला न्हवती ती," मी म्हणाले.

मागून सुनेचा हसण्याचा आवाज आला. आता तो आवाज दाबायचीही तिला गरज वाटत नव्हती.

"आये, मिस्त्रीला म्या काय म्हणलो हुतो?"

"चुकलं माझं. उतर खाली आन् फोन लाव मामाला."

भाऊ आला तो घोड्यावर बसून. मागून त्याचे दोन मुलगे आणि वाड्यावरचे गडी चालत आले. मी गाडीतूनच ओरडले, "काय रं, ओझ्याच्या घोड्यावर बसाय लागलास व्हय? बाप बघत असता तर उतरवला असता." आमच्यात गडीमाणसं चालतात. घोडं ओझ्याचं, नाहीतर लेकराबाळांचं.

"आक्का, तू काय हत्तीवर बसून आलीस आन् मला घोड्याचं बोलतीस?" तो म्हणाला. "चल, घोडं आणलंय तुझ्यासाठी. बस आन् चल वर. ही गाडी राहू दे हितंच, बेडकं बसतील तिच्यात."

"म्या गाडीनंच येणार. काढ तिला."

भावाला हुकूम सोडायला आवडतं. त्यानं एका मुलाला वाड्यावर पाठवून जुनी वाघर मागवली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची दोराची जाळी. ती घडी करून चाकाखाली घालायची, म्हणजे चाकाला पकड मिळेल, असं त्याचं म्हणणं. मुलगा म्हणाला, "मामा, ती गुंडाळंल." भाऊ म्हणाला, "भाचं, माझं अख्खं आयुष्य वाघरीत गेलंय. तू काय शिकवतोस?" वाघर घातली. मुलानं जोर दिला. चाकानं वाघर अशी ओढून घेतली, जशी म्हैस कडब्याची पेंडी ओढते. बघता बघता सगळी जाळी चाकाभोवती आणि आतल्या दांड्याला गुंडाळली गेली. गाडी होती तिथंच.

मग काय, सगळे चिखलात लोळले. कोयत्यानं एकेक फास कापायचा, ओढायचा, परत कापायचा. मुलगा गाडीखाली, भावाचे मुलगे बाजूला, सगळे गुडघाभर काळे. भाऊ घोड्यावर बसूनच सूचना देत होता. मी वरून पेरू खात होते.

"मामा, माझं अख्खं आयुष्य चाललंय ह्या वाघरीत," गाडीखालून मुलगा म्हणाला. गडी एवढे हसले की एकजण पाण्यात बसलाच.

वाघर निघाली. आता हूक आणि दोर. दोराचं एक टोक पुढच्या हुकाला बांधलं, दुसरं बाभळीला एक वेढा देऊन गड्यांच्या हातात. ओढून मिळालेलं अंतर वेढा धरून ठेवील, ही युक्ती मुलाची, आणि चांगली होती, हे मी मान्य करते. पण त्यानं परत जोर दिला आणि चाकं परत जागच्या जागी फिरू लागली.

"तुमी उतरा," सून म्हणाली. "दोर तुमी वडा."

तो उतरला. हे त्याचं मला आवडलं. सुनेनं शीट पुढं ओढली, पाय नीट टेकवले, छोटा गिअर टाकला आणि इंजिनाला घाई केली नाही. जणू उसात नांगर घालतेय. "आता वडा!" ती ओरडली. गडी ओढत होते, चाक हळूहळू फिरत होतं, कुत्री भुंकत होती. गाळानं एकदा मोठा आवाज केला, म्हैस उठताना करते तसा, आणि जीप काठावर आली.

सगळे ओरडले. भावाच्या थोरल्यानं डोक्यावरचं मुंडासं हवेत फेकलं, ते बाभळीच्या काट्यात अडकलं. विंच असती तर हे काहीच झालं नसतं, हे खरं. बटण दाबलं असतं आणि आम्ही गप्प वर गेलो असतो.

तेवढ्यात मी एक बघितलं. भावानं घोडं जीपच्या अगदी जवळ आणलं, माझ्या बाजूला. इकडं तिकडं बघितलं. गडी मुंडासं काढण्यात गुंतले होते. मग त्यानं घोड्यावरून पाय माझ्या पायदानावर ठेवला, माझी कडी धरली, आणि तिथून जमिनीवर उतरला. उतरताना त्याचं तोंड वाकडं झालं.

"गुडघा?" मी हळूच विचारलं.

"न्हाय. हे काय चांगलं केलंय ते बघतुया."

"बघ, बघ."

तो पायदानावर हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "आक्का, तुझा मिस्त्री घोड्याला बसवून दील का असलं?"

पुढं खडक आला. पोटाखाली पत्रा दोनदा खणाणला. सुनेनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी मिस्त्रीला मनातल्या मनात एक पेरू दिला. आणि गाडी माळावर चढली. घोडी बांधलेली होती, मेंढरं पांगलेली, सामान बाहेर काढलेलं. माझी वाट बघत सगळं थांबलं होतं.

मी कडी धरली, पायदानावर पाय टेकला आणि उतरले. काठी घेतली. पहिलं घोडं तेच, भाऊ ज्यावर बसून आला होता. गड्यांनी त्याच्या पाठीवर पिठाची पोती घातली, दोन्ही बाजूंना सारखी. वर पालाचं कापड, भांडी, नवीन घोंगडी. कोंबड्यांची पाटी. सगळ्यांत वर दोन कोवळी कोकरं. सून माझ्या शेजारी उभी राहून माझे हात बघत होती. पुढं ही गाठ तिलाच मारायचीय.

मी दोर ओढला. हाताला अजून जोर आहे, खोटं कशाला बोलू. पोटाखालून फिरवला, पोत्यावरून घेतला, ताणला आणि गाठ मारली. भावानं येऊन ओझं हलवून बघितलं. हललं नाही.

"हां," तो म्हणाला. एवढंच. आमच्या घरात हे पुष्कळ झालं.

दोराचं टोक चांगलं तीन-चार हात उरलं होतं. ते कापून टाकायची रीत आहे, लोंबकळलं तर काट्यात अडकतं. गड्यानं कोयता पुढं केला. मी तो घेतला नाही. उरलेल्या टोकाचा मी एक फास केला, पाय मावेल एवढा, दुहेरी पीळ देऊन, आणि ओझ्याच्या डाव्या बाजूला पक्का बांधला. जमिनीपासून वीतभरापेक्षा थोडा वर. माप मला ठाऊक होतं.

"हे काय आत्या?" सुनेनं विचारलं. "हे नसलं तर कुठं अडंल?"

"घाटात," मी म्हणाले.

भाऊ दुसऱ्या घोड्याचा पट्टा आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. पण वाडा हलला, तेव्हा तो पहिल्या घोड्याच्या डाव्या बाजूनंच चालू लागला, एक हात ओझ्यावर ठेवून. आम्ही जीपजवळ उभे राहून बघत होतो. मेंढरांची धूळ उतारापर्यंत गेली. तिथं पोचल्यावर, आता आपल्याला कुणी बघत नाही असं वाटून, त्यानं फासात पाय घातला आणि ओझ्यावर, कोकरांच्या मागं चढून बसला.

मुलानं टपावरचे सगळे दिवे लावले. भर दुपारी. लांबून भावानं हात वर केला.

"विजव ते," मी म्हणाले. "बॅटरी उतरंल."

पण हे लगेच म्हणाले नाही. थोड्या वेळानं म्हणाले.